बाजाराला न दिसणारा रुग्ण

ब्रिटनमध्ये परिचारिकेच्या पदवीशिक्षणाच्या चार शाखा आहेत. प्रौढांची, बालकांची, मानसिक आजारांची आणि चौथी, बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या शुश्रूषेची. अशी स्वतंत्र नोंदणी असलेली परिचारिका ब्रिटन आणि आयर्लंडबाहेर क्वचितच आढळते. आज इंग्लंडमध्ये या शाखेला विद्यार्थी मिळेनासे झाले असून काही विद्यापीठांनी तिचे प्रवेशच थांबविले आहेत. प्रश्न दूरदेशीचा खरा. पण त्यामागील अर्थशास्त्र आपल्या ओळखीचे आहे.

ही परिचारिका शिकते तरी काय? पोटात कळ येते हे ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो माणूस डोके आपटून घेतो, जेवणाचे ताट लोटून देतो. ‘याचे हे नेहमीचेच’ म्हणून इतर मोकळे होतात आणि दुखणे आत वाढत राहते. वागण्यामागची वेदना ओळखणे, अपस्मार आणि गिळण्यातील अडचणी सांभाळणे, डॉक्टरांपुढे त्या रुग्णाची बाजू मांडणे, हा तिचा अभ्यास. तीन वर्षांपैकी सुमारे निम्मा काळ प्रत्यक्ष सेवेत जातो. तिची गरज किती, हे २०१३ च्या एका चौकशी अहवालाने दाखविले: बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे, तर स्त्रिया २० वर्षे आधी मृत्यू पावत होत्या. त्याआधी २०११ मध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयातील रुग्णांचा छळ दूरचित्रवाणीवरून उघडकीस आला होता. तेथील एका ज्येष्ठ परिचारकाने आधीच केलेल्या तक्रारीची दखल वेळेवर घेतली गेली नव्हती.

अशा स्थितीत तेथील सरकारने काय केले? २०१७ पासून इंग्लंडमधील नव्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद करून त्यांच्या हाती कर्ज ठेवले. युक्तिवाद असा की, पदवीचा लाभ विद्यार्थ्याला, तेव्हा खर्चही त्यानेच सोसावा. अर्ज लक्षणीय घटले. पंचविशी ओलांडलेल्यांचे तर अधिकच. आणि ही चौथी शाखा मुख्यतः अशाच लोकांवर उभी होती: संसार असलेले, कोठेतरी सेवक म्हणून राबलेले, अनुभवाने या कामाकडे वळलेले. सारा दोष या निर्णयाचा नव्हे. सरकारी आरोग्यसेवेतील या परिचारिका २०१० च्या सुमारास पाच हजारांवर होत्या, त्या पुढे तीन हजारांच्या आसपास आल्या. ही घसरण आधीच सुरू झाली होती, आणि काही सेवा सरकारी यंत्रणेबाहेरही गेल्या होत्या. परंतु गळत्या भांड्याला आणखी एक छिद्र पाडणाऱ्याचा बचाव एवढ्याने होत नाही. २०२० मध्ये सरकारला वर्षाला ५,००० पौंडांचे परत न करावयाचे अनुदान, आणि या शाखेसाठी आणखी १,००० पौंड, द्यावे लागले. शुल्काचे कर्ज मात्र राहिलेच. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी विद्यावेतन मोडलेच नव्हते. म्हणजे दुसरा मार्ग त्याच राज्यात उपलब्ध होता.

पैशाची पाठराखण असलेल्या मागणीलाच बाजार मागणी मानतो. या परिचारिकेचा रुग्ण बहुधा कमावता नसतो, तक्रार करू शकत नाही, मोर्चा काढू शकत नाही. मग तिच्या शिक्षणाचा लाभ ‘तिचा खाजगी’ कसा? इतर परिचारिकांची उणीव श्रीमंत देश आपल्यासारख्या देशांतून भरून काढतात. हिची तीही सोय नाही; कारण आपण ती घडवीतच नाही.

येथे आपल्याला आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. त्यांची शाखा सुकते आहे, आपल्याकडे ती रुजलेलीच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने परिचारिकांच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय असावा असे म्हटले आहे. वृद्ध आईच्या पश्चात चाळिशीतल्या मुलाचे दुखणे कोण ओळखणार, हा प्रश्न मात्र घराघरांत तसाच आहे. ही परिचारिका सरकारी महाविद्यालयांत, सरकारी विद्यावेतनावर घडविली जावी, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी जाहीरनाम्याच्या तळटिपेतून वर आणली पाहिजे. ज्यांच्या मतांची मोजदाद कोणी करीत नाही, त्यांच्यासाठी एखादा पक्ष काय मागतो, यावरूनच त्याच्या समाजवादाची परीक्षा होते.