गर्भपिशवीचा आकार वेगळा आहे? बाळंतपणाला माहेरी निघण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘बायकॉर्न्युएट युटेरस’ किंवा ‘सेप्टेट युटेरस’ असे शब्द दिसले की पोटात गोळा येतो. दवाखान्यात गर्दी असते, पुढची पेशंट दारात उभी असते, त्यामुळे फारसं विचारता येत नाही. मग घरी येऊन तुम्ही मोबाइलवर शोधत बसता आणि पहिल्या पाच मिनिटांतच गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळ, ऑपरेशन असे शब्द डोळ्यांसमोर नाचायला लागतात.

आज हाच विषय शांतपणे समजून घेऊ. आणि त्यातला एक मुद्दा, जो बहुतेक घरांत राहून जातो, तो विशेष लक्ष देऊन बघू: तुम्ही बाळंतपणाला माहेरी जाता, तेव्हा ही माहिती तुमच्याबरोबर माहेरी पोहोचते का?

तंजावरची गोष्ट

तंजावरमध्ये सतराव्या शतकापासून, व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी घरं नांदताहेत. आज तिथल्या कित्येक लेकी चेन्नई, बंगळूरु, पुण्यात नोकरी करतात आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. शेजारच्या तमिळ घरात सातव्या महिन्यात ‘वळैकाप्पु’ होतं, हातभर बांगड्या भरतात. आपल्याकडे डोहाळजेवण होतं. दोन्हीकडे त्यानंतरचा बेत एकच, लेक माहेरी.

याच तंजावर जिल्ह्यात, पापनाशम तालुक्यात तिरुक्करुकावूर नावाचं गाव आहे. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे रक्षण आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. इथली देवी गर्भरक्षांबिका. स्थळपुराण असं, की शापामुळे वेदिकेचा गर्भ गळू लागला, तेव्हा देवीने तो एका घटात सांभाळला आणि दिवस भरल्यावर बाळ तिच्या हाती दिलं. गर्भ वाढायला पिशवी ठरावीक आकाराचीच हवी, असं ती कथासुद्धा म्हणत नाही!

हा आकार येतो कुठून?

तुम्ही स्वतः तुमच्या आईच्या पोटात होता, तेव्हा तुमची गर्भपिशवी तयार झाली. ती सुरुवातीला एक नसते. दोन बारीक नळ्या असतात. त्या मधोमध जवळ येतात, जुळतात आणि मग त्यांच्यामधली भिंत विरघळून एकच पोकळी होते. हे काम एखाद्या टप्प्यावर अर्धवट राहिलं की आकार वेगळा होतो.

म्हणजे लहानपणी मारलेल्या उड्या, पाळीत उचललेली जड बादली, लग्नाला झालेला उशीर, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. घरात कुणी ‘दोष’ हा शब्द वापरला, तर एवढं नक्की सांगा.

आणि तुम्ही एकट्या नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या शास्त्रीय आढाव्यानुसार साधारण १०० बायकांमागे ५ ते ६ जणींची गर्भपिशवी वेगळ्या आकाराची असते. ज्यांचा आधी गर्भपात झालेला आहे, त्यांच्यात हे प्रमाण १०० मागे सुमारे १३ आहे. अनेकींना हे आयुष्यभर कळतही नाही, कारण त्रास काहीच होत नाही.

पाच नावं, पाच वेगळ्या गोष्टी

• आर्क्युएट: पिशवीच्या छताला आतून थोडासा खोलगटपणा. बहुतेक डॉक्टर याला नेहमीच्या आकाराचाच एक प्रकार मानतात.

• सेप्टेट: बाहेरून पिशवी नेहमीसारखी, पण आत मध्ये पडदा. गर्भपाताशी सगळ्यात जास्त संबंध याच प्रकाराचा दिसतो.

• बायकॉर्न्युएट: वरच्या बाजूला बाहेरूनच खाच, बदामाच्या आकारासारखी. इथे मुख्य काळजी बाळ लवकर येण्याची आणि पायाळू असण्याची.

• युनिकॉर्न्युएट: पिशवीची एकच बाजू पूर्ण तयार झालेली. दुसऱ्या बाजूला कधी कधी लहानसा अर्धवट कप्पा राहतो. गर्भ त्या कप्प्यात रुजला तर कप्पा फुटण्याचा धोका असतो, म्हणून गर्भ नेमका कुठे आहे हे सुरुवातीच्या सोनोग्राफीत बघणं अत्यावश्यक आहे.

• डायडेल्फिस: दोन स्वतंत्र पिशव्या, सहसा दोन तोंडांसह.

पडदा, खाच, अर्धी पिशवी आणि दोन पिशव्या यांचे धोके सारखे नाहीत, उपायही सारखे नाहीत. म्हणून ‘माझ्या पिशवीत काहीतरी प्रॉब्लेम आहे’ एवढं माहीत असून भागत नाही. नेमकं नाव माहीत हवं.

नाव नक्की करून घ्या

साध्या सोनोग्राफीत सेप्टेट आणि बायकॉर्न्युएट यांची गल्लत होऊ शकते. नळ्या तपासण्यासाठी काढतात त्या एक्स-रेमध्ये फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरची खाच दिसत नाही. थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दोन्ही दिसतं. पोट वाढल्यावर हे ओळखणं कठीण होत जातं. त्यामुळे गर्भधारणेआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत विचारा, “डॉक्टर, हा नक्की कोणता प्रकार आहे? रिपोर्टवर लिहून द्याल का?” जोडीला किडनीचीही सोनोग्राफी होते. गर्भपिशवी आणि मूत्रपिंडं आईच्या पोटात असतानाच, एकाच सुमाराला, शेजारी शेजारी तयार होतात, त्यामुळे काही जणींना एकच किडनी असते.

पडदा असेल तर ‘आधी ऑपरेशन करून काढूनच टाका’ असा सल्ला मिळू शकतो. तो ऐका, पण घाई करू नका. २०२१ मध्ये ८० महिलांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात पडदा काढलेल्यांना न काढलेल्यांपेक्षा जास्त मुलं झाली, असं दिसलं नाही. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून सगळ्यांसाठी एकच नियम काढता येत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या एखादीसाठी डॉक्टरांचा निर्णय वेगळा असू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात संकोच मात्र बाळगू नका.

माहिती असण्याने काय फरक पडतो?

दोन खऱ्या घटना बघा. २०१९ मध्ये बांगलादेशातल्या एका तरुणीला अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं. २६ दिवसांनी तिच्या पोटात पुन्हा दुखू लागलं. तपासल्यावर कळलं की तिला दोन गर्भपिशव्या आहेत आणि दुसरीत जुळी आहेत! त्याआधी तिची सोनोग्राफी झालेलीच नव्हती. सुदैवाने सिझेरियन होऊन सगळे सुखरूप राहिले.

दुसरी घटना २०२३ मधली, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली. तिथल्या एका आईला दोन पिशव्या असल्याचं ती १७ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. दोन्ही पिशव्यांत एकेक बाळ आहे, हे आठव्या आठवड्यातच दिसलं. डॉक्टरांनी महिनोन् महिने तयारी केली आणि दिवस भरत आल्यावर १९ आणि २० डिसेंबरला दोन मुली जन्मल्या, एक नेहमीच्या मार्गाने आणि दुसरी सिझेरियनने.

असं दोन पिशव्यांत बाळ असणं फारच दुर्मीळ. पण एकीच्या बाबतीत डॉक्टरांना ऐनवेळी धावपळ करावी लागली आणि दुसरीच्या बाबतीत सगळं आधीच ठरलेलं होतं, हा फरक आपल्या कामाचा आहे.

सातव्या महिन्याचा प्रवास

आता माहेरच्या मुद्द्याकडे येऊ. वेगळ्या आकाराच्या पिशवीत बाळाला जागा कमी पडू शकते, पिशवीचं तोंड लवकर उघडू शकतं. म्हणून साधारण १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. ती कमी होत असेल तर औषध किंवा टाका घालण्याचा विचार करतात. टाका प्रत्येकीलाच लागतो असं नाही. नंतर बाळाचं वजन आणि डोकं खाली आहे की वर, हे पुन्हा पुन्हा बघतात.

आणि नेमकं याच टप्प्यावर, डोहाळजेवण आटोपून, आपण डॉक्टर बदलतो! चेन्नईहून तंजावर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. बॅगेत साड्या, डबे, बाळाची झबली सगळं असतं. सहा महिने जिने आपल्याला तपासलं तिचं निदान मात्र कधी कधी जुन्या फाइलीत, दुसऱ्या शहरातच राहतं. ३७ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या आणि समोरच्या डॉक्टरांना पिशवीचा आकारच माहीत नसला, तर मोलाचा वेळ जातो.

म्हणून हे करा:

• प्रवासाची तारीख मुहूर्ताआधी डॉक्टरांशी ठरवा. पिशवीचं तोंड आखूड झालं असेल तर त्या प्रवास लवकर करायला किंवा अजिबात न करायला सांगू शकतात. तसं झालं तर डोहाळजेवणाला माहेरच्यांनाच बोलवा.

• माहेरच्या डॉक्टरांना आधीच, शक्य तर पाचव्या-सहाव्या महिन्यात एकदा दाखवून या.

• बाळंतपण अशा ठिकाणी ठरवा जिथे सिझेरियनची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सांभाळण्याची सोय आहे. तंजावरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं राजा मिरासदार रुग्णालय बाळंतपणांसाठी ओळखलं जातं. तुमच्या गावाजवळ असं कोणतं ठिकाण आहे, ते आजच शोधून ठेवा.

• फाइलीत सगळ्यात वर एक पान लावा. त्यावर लिहा: गर्भपिशवीचा प्रकार, कोणत्या तपासणीत दिसला, टाका आहे का, किडनी किती, रक्तगट, आधीचे गर्भपात किंवा बाळंतपणं, आधीच्या डॉक्टरांचा नंबर आणि सरकारी नोंदणीचा क्रमांक. त्या पानाचा फोटो नवरा, आई आणि भाऊ-बहीण यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

तेल, मालीश आणि कळा

तिरुक्करुकावूरच्या देवळातून गर्भवतींना एरंडेल प्रसाद म्हणून मिळतं. ते पोटाला हलकेच लावायचं असतं. श्रद्धेने लावा, मनाला धीर येतो. पण कोणतंही एरंडेल डॉक्टरांना न विचारता पिऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर ‘पोट चोळून फिरवून देते’ असं कुणी म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा. वेगळ्या आकाराच्या पिशवीत डॉक्टरसुद्धा बाहेरून बाळ फिरवायचं सहसा टाळतात. बाळाचं डोकं खाली असेल तर केवळ आकार वेगळा आहे म्हणून सिझेरियन व्हायलाच हवं असं नाही, हेही लक्षात ठेवा.

३७ आठवड्यांआधी पोट ठरावीक वेळाने घट्ट होणं, कंबर थांबून थांबून दुखणं, खाली दाब जाणवणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही झालं तर तेल लावून वाट बघू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा. बाळ लवकर येणार असं दिसलं तर त्याची फुप्फुसं तयार होण्यासाठी आईला इंजेक्शनं देतात. ती बाळ जन्मायच्या आधी मिळाली तरच उपयोगी पडतात. म्हणून इथे तास-दोन तासही महत्त्वाचे.

बाळंतपणानंतरच्या दोन गोष्टी

एक. सिझेरियन झालं तर डॉक्टरांना गर्भपिशवी बाहेरून प्रत्यक्ष दिसते. “कशी दिसली ते डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या,” अशी विनंती आधीच करून ठेवा. पुढच्या वेळी त्या दोन ओळी फार कामाला येतात.

दोन. सरकारी रुग्णालयांत बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवण्याबद्दल विचारतात. दोन पिशव्या किंवा आतून बदललेला आकार असेल तर तांबी योग्य ठरत नाही. संमती देण्याआधी तुमच्या पिशवीचा आकार त्यांना सांगा आणि दुसरा पर्याय विचारा.

मैत्रिणींनो, पिशवीचा आकार आपण बदलू शकत नाही, तिची माहिती मात्र योग्य हातांत पोहोचवू शकतो. वेगळ्या आकाराच्या पिशवीतून जन्मलेली अनेक बाळं आज शाळेत दंगा करताहेत. तुमच्या ओळखीत कुणाचं डोहाळजेवण जवळ आलं असेल, तर हिरव्या चुड्याबरोबर तिला एक चांगली जाड फाइलही भेट द्या. आणि वरचं पान तिच्याजवळ बसून, दोघी मिळून भरा.

काळजी घ्या!