जुन्या घरास नवी खोली जोडतांना

लग्न आणि घर यांविषयींची म्हण आपल्याकडे सर्वांस पाठ आहे. तथापि मोकळ्या जागेवर घर बांधणें एक वेळ सोपें. राहतें घर उकलून त्यास दोन खोल्या जोडणें हें मात्र घरांतील प्रत्येकाच्या, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहिणीच्या, सहनशीलतेची परीक्षा पाहणारें काम होय. तुळजापुरासारख्या क्षेत्राच्या गांवीं हा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर एकदां तरी येतोच. आश्विनांतील नवरात्र, कोजागिरी, कुळधर्मासाठीं येणारे आप्तेष्ट. घर कितीही ऐसपैस असो, त्या दिवसांत तें अपुरेंच पडतें. मुलांचीं लग्नें झालीं कीं माजघरांत पडदा लावून भागत नाहीं. मग परसाकडे एक खोली, तिच्यावर दुसरी, असा बेत ठरतो. या बेतासंबंधीं कांहीं गोष्टी येथें लिहावयाच्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक या जिल्ह्यानें फार मोठें मोल देऊन शिकलेल्या आहेत.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, तेव्हांच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारी यांच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतींचें विसर्जन करून लोक थकून झोपले होते. सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. याहून मोठे भूकंप जगांत वरचेवर होतात, आणि कित्येक ठिकाणीं याच्या शतांशानेंही मनुष्यहानि होत नाहीं. येथें माणसांचा घात केला तो त्यांच्या घरांनीं. आणि तीं घरें कांहीं निष्काळजीपणानें बांधलेलीं नव्हतीं. तुळजापुरांतल्या जुन्या गल्लींत आजही ज्या तऱ्हेचीं घरें आढळतात, त्याच तऱ्हेचीं तीं होतीं.

माळवद म्हणजे काय, हें पुण्यामुंबईच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा कामट्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असें हें सपाट छप्पर. वैशाखांतही त्याखालीं दुपार सुसह्य होते, हा त्याचा गुण मोठा. परंतु गळती लागूं नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर नवी माती पसरतात. जुनी मात्र सहसा कोणी काढीत नाहीं. आजोबांच्या वेळचा वीतभर थर नातवाच्या वेळीं हात-दीड हात झालेला असतो. याचा हिशेब गृहिणीनेंही करून पाहावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे १०० घनफूट. कोरड्या मातीचें वजन घनफुटास सुमारें ४५ किलो धरलें, तरी साडेचार टन भार आपल्या अंथरुणावर तोललेला असतो. पाऊस मुरला कीं तो आणखी वाढतो.

भिंतीची कथा याहूनही चमत्कारिक आहे. अडीच-तीन फूट जाडीची दगडी भिंत पाहून घरमालकाची छाती फुगते. पण ती बहुधा एक भिंत नसून दोन असतात! बाहेरचा पदर निराळा, आंतला निराळा, आणि मध्यें गोटे व चिखल भरलेला. दोन्ही पदरांस शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड गवंड्यानें घातलेला नसला, तर धक्का बसतांच शेंग उकलावी तसे ते दोन्हीकडे उकलतात. यांत दोष दगडाचा नव्हे. याच तालुक्यांतील नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदीच्या बंधाऱ्यांत बांधलेला पाणीमहाल सतराव्या शतकाच्या आरंभापासून पुराचे लोट अंगावर घेत उभा आहे. तेथील दगड घडीव आहे आणि नीट सांधून बसविलेला आहे. भारतीय मानक संस्थेच्या १३८२८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेंत असे आरपार दगड उंचींत दर दोन फुटांस आणि आडव्या अंगानें चार फुटांच्या आंत असावेत असें सांगितलें आहे. जुन्या भिंतींत ते नसले तर जागोजाग एकेक दगड काढून, भोंकांत लोखंडी सळई घालून काँक्रीट भरतां येतें. काम किचकट आहे, पण घर न पाडतां होतें.

भूकंपानंतर जाणकारांस आणखी एक गोष्ट दिसून आली. कित्येक घरांच्या भिंती ढांसळल्या, परंतु खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. म्हणून दिवाणखाना ऐसपैस दिसावा यासाठीं मधला खांब काढून टाकण्याची जी हौस हल्लीं आढळते, तिला घरांतील वडीलधाऱ्यांनीं खुशाल विरोध करावा. खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरपा लांकडी आधार मारला तर सांगाडा अधिकच बळकट होतो. छपरावरील माती चहूंबाजूंनीं सारखी उतरवीत सात-आठ इंचांवर आणावी, आणि तिच्या थराखालीं जाड प्लास्टिकचा कागद घालावा, म्हणजे दर वर्षीं नवी माती चढविण्याचें कारणच उरत नाहीं.

जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें सरकारनें त्या वेळीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, आणि इतरत्र जवळजवळ दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीसाठीं साहाय्य दिलें. लोकांस समजावून देण्यासाठीं व कामावर नजर ठेवण्यासाठीं ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्फत गांवोगांवच्या स्त्रियांस संवाद सहायक म्हणून नेमण्यांत आलें. सिमेंटवर पाणी किती दिवस मारावयाचें, हें गवंड्यास त्या विचारूं लागल्या, ही मला त्या साऱ्या हकीकतींतील सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. मात्र पुष्कळ कुटुंबांनीं त्या पैशांतून जुनें घर दुरुस्त न करतां शेजारीं एक नवी पक्की खोली बांधणें पसंत केलें. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. दगडाची धास्तीच तशी बसली होती. पण प्रश्न असा, कीं नव्या खोलींत निजतें कोण? आपल्याकडची रीत अशी कीं नवी खोली नव्या सुनेस किंवा पाहुण्यांस, आणि आजी-आजोबा देवघराशेजारीं, त्याच जुन्या माळवदाखालीं. खोली वाढविल्यानें घराचें क्षेत्रफळ वाढतें. आजीच्या डोक्यावरचे साडेचार टन त्यानें हलत नाहींत.

नवी खोली बांधतांना तिची भिंत जुन्या दगडी भिंतींत दात काढून गुंतवूं नये. दोहोंचे पाये निराळे, वजनें निराळीं. एक खचते, दुसरी खचत नाहीं, आणि पहिल्याच पावसाळ्यांत सांध्यावर भेग पडते. मध्यें दोन इंच फट ठेवून ती पत्र्याच्या पट्टीनें झांकावी. जोत्यावर, दारांच्या माथ्यावर आणि छताखालीं काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवावा. जुन्या भिंतीवर मजला चढविण्याचा विचार तर मनांतही आणूं नये. बालाघाटाच्या माथ्यावर मुरूम लवकर लागतो. तालुक्यांतील काळ्या मातीच्या गांवीं मात्र पाया मुरुमापर्यंत नेल्यावांचून गत्यंतर नाहीं, कारण ती माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा देते.

काम दिवाळीनंतर काढावें आणि मृग लागण्यापूर्वीं छत पुरें व्हावें, असा बेत असावा. त्या अवधींत पडवीच्या एका कोपऱ्यांत वेगळा ओटा, पाण्याचें पिंप आणि धुरळ्यापासून आडोसा यांची व्यवस्था पहिल्या कुदळीपूर्वीं करावी. नंतर ती होत नाहीं. नव्या खोलीचें काँक्रीटचें छत उन्हाळ्यांत तव्यासारखें तापतें, अशी तक्रार माळवदाची संवय झालेले लोक हमखास करतात, आणि ती खरी आहे. फाल्गुनांत त्या छतावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे, आणि पश्चिमेच्या भिंतीस मोठी खिडकी न ठेवतां ती उत्तरेस किंवा पूर्वेस काढावी.