कासवांना वाचवणाऱ्यांचे छप्पर

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कासवांचा हंगाम उरकलेला होता. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते. मे संपेपर्यंत पिल्ले समुद्रात गेलेली असतात. कासव संवर्धनाच्या अहवालात या वादळाचे नुकसान मांडायचे, तर जवळजवळ काहीच नाही. गावांची कौले मात्र उडाली, पोफळी मोडल्या, माड आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती.

मंडणगड तालुक्यातले वेळास हे त्याच पट्ट्यातले गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे कासवांचे काम उभे केले, ते गावकऱ्यांच्या जोरावर. पहाटे किनारा तुडवायचा, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटे शोधायचे, अंडी हॅचरीत नेऊन पुरायची, हे सारे गावच करते. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे उतरतात ते गावकऱ्यांच्याच घरी. तेव्हा वेळाससारख्या गावात छप्पर उडाले की संवर्धनाचा आधारही जातो. त्या वर्षी तर टाळेबंदीने पाहुण्यांचा हंगाम मार्चमध्येच तोडला होता.

सरकारने बागांना हेक्टरी 50,000 रुपये जाहीर केले. कोकणात हेक्टर आहे कोणाकडे? गुंठ्याला जेमतेम 500 पडले. ओरड झाल्यावर झाडामागे हिशेब आला: पोफळीला 50, नारळाला 250. पन्नास रुपयांत पडलेली पोफळ वाडीबाहेर काढायला गडीही मिळत नाही, आणि नवी पोफळ धरायला पाचसात वर्षे जातात.

अशा वेळी निसर्ग संस्थांनी ‘आमचे काम प्राण्यांपुरते’ म्हणणे शोभत नाही. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणती वाडी सर्वांत आड आहे, हे तहसील कचेरीच्या आधी त्यांना ठाऊक असते. अडचण पैशाची कमी, पैशावरच्या अटीची जास्त. कासवासाठी आलेली देणगी ताडपत्रीवर खर्च केली की दात्याचा लेखापाल भुवया उंचावतो.

निसर्ग संस्थांची गरज आणखी एका कारणासाठी आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर संरक्षणाच्या नावाखाली सुरूच्या झाडांची रांगच्या रांग लावली गेली आणि कासवांची अंडी घालायची वाळूच अनेक ठिकाणी आक्रसली. पुनर्वसनाच्या बैठकीत हे सांगणारे कोणी तरी हवे. पण त्याचे बोलणे ऐकले जाईल ते आधी छपरावर ताडपत्री टाकली असेल तरच. आणि ती टाकताना बदल्यात गावाकडून सह्या-वचने घेऊ नयेत.

म्हणून दात्यांना आणि कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणाऱ्यांना एकच सांगणे: किनाऱ्यावरच्या प्रत्येक संवर्धन करारात गावाच्या आपत्तीसाठी काही रक्कम विनाअट राखून ठेवा, आणि हे कलम वादळ येण्याआधी लिहा.