फेब्रुवारी कुठे आहे?

दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काय काम करतेस असं विचारलं की इतकी वर्षं "मामा, कॉम्प्युटरचं" एवढंच उत्तर मिळायचं आणि मीही पुढे विचारत नसे. या वेळी मात्र तिनेच विषय काढला. तिच्या कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर आहे. संस्था ते घेतात, पैसे भरतात आणि पहिला पगार निघायच्या आधीच अडकून बसतात. सुरुवातीला जी माहिती भरायची असते, तिला ते 'सेटअप' म्हणतात. तो सेटअप नव्याने मांडायचं काम हिच्याकडे आलं होतं.

मी एकदम सावरून बसलो, कारण मला आमचे भाऊसाहेब आठवले.

भाऊसाहेब म्हणजे एका शिक्षणसंस्थेतले वरिष्ठ लिपिक. संस्थेचं नाव सांगत नाही. पगारपत्रक म्हणजे त्यांच्या हातचा मळ. कोणाची वेतनवाढ जुलैत, कोणाचं घरभाडं किती, कोणाच्या सोसायटीचा हप्ता कधी संपतो, सगळं तोंडपाठ. काही वर्षांपूर्वी संस्थेच्या विनाअनुदानित शाखेसाठी असंच एक सॉफ्टवेअर आलं (भाचीच्या कंपनीचं नव्हे, दुसरंच). पहिल्याच पडद्यावर प्रश्न होता, 'लीगल एंटिटी'चा कोड काय? मग 'पे ग्रुप' किती? 'कॉस्ट सेंटर' कोणतं? तांबडी चांदणी असलेला रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि मागे जावं तर भरलेलं पुसलं जाई. महिनाभर झटापट केली. कार्यालयातली तरुण मंडळी म्हणू लागली, "भाऊसाहेबांना आता जमत नाही." ते त्यांच्या कानावर गेलं आणि सेवेची दोन वर्षं शिल्लक असताना त्यांनी राजीनामा दिला. ज्या माणसाच्या पगारपत्रकात तीस वर्षांत कोणाला चूक सापडली नाही, तो पगाराच्या कामात नापास ठरला!

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात एका मुलाचं उत्तर चुकलं तर मुलाकडे बघावं, पण निम्म्या वर्गाचं चुकलं तर आधी फळ्यावरचा प्रश्न पुन्हा वाचावा, हे आम्हाला जुन्या मुख्याध्यापकांनी शिकवलं होतं. संगणकाच्या बाबतीत हा नियम आपण का विसरतो कोण जाणे. तिथे प्रश्न नेहमी बरोबर आणि माणूस नेहमी अडाणी!

भाचीने तिची बाजू सांगितली, तीही खरी आहे. हे सॉफ्टवेअर काही एका संस्थेसाठी केलेलं नसतं. ते कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर चालतं (त्यालाच 'क्लाउड' म्हणतात, ढगाशी त्याचा काही संबंध नाही) आणि शेकडो संस्था तेच वापरतात. सातपूरचा कारखाना, गंगापूर रोडवरचं रुग्णालय, नागपूरची शाळा, सगळ्यांना एकच. त्यामुळे प्रत्येकाने आपापली रीत आधी सांगायलाच हवी. म्हणजे प्रश्न विचारणं चुकीचं नाही. ते कोणाच्या भाषेत विचारता आणि कोणत्या क्रमाने, हा मुद्दा आहे.

तिच्या सहकाऱ्यांनी काढलेला उपाय होता चाळीस प्रश्नांचे चाळीस छोटे पडदे करायचे आणि खाली 'पुढे' असं बटण द्यायचं. मी म्हटलं, "अगं, कळत नसलेला धडा चाळीस दिवस रोज थोडाथोडा वाचला म्हणून कळतो का?"

मग मला सुचलं आणि मी भाऊसाहेबांनाच चहाला बोलावलं. यायला जरा कां-कूं केली त्यांनी. भाचीने संगणक उघडला नाही, हे फार बरं केलं. तिने कोऱ्या कागदांवर पेन्सिलीने पडदे काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. एका कागदावर तिने लिहिलं होतं, 'राज्य : महाराष्ट्र. व्यवसाय कर : दरमहा २०० रुपये.' हे आपोआप भरून येईल, तुम्हाला काहीच करायला नको, असं ती कौतुकाने सांगत होती.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. कागद उलटून बघितला. म्हणाले, "ताई, फेब्रुवारी कुठे आहे?"

तिला कळेना. मग त्यांनी समजावलं. आपल्या राज्यात दहा हजारांच्या वर पगार असेल तर व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २२०० आणि फेब्रुवारीचे ३००, असे वर्षाचे २५००. बारा महिने २०० कापले तर २४०० होतात, म्हणजे माणशी शंभर कमी. आणि बायकांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा करच नाही. "तुमच्या कागदावर बाईंचे पण २०० कापलेत," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. पगारपत्रक तपासतानाचा त्यांचा नेहमीचा सूर होता.

हे नियम तिच्या कंपनीत कोणाला माहीत नव्हते असं नाही. हिशेबाच्या भागात ते होतेच. पण पडदा सोपा दिसावा म्हणून तिने ते कागदावरून वगळले होते. त्यामुळे ते बरोबर भरलेत की नाही, हे बघणाऱ्याला कळायला मार्गच उरला नव्हता.

मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. सोपं करणं म्हणजे लपवणं नव्हे. मुलांना सोपं करून सांगताना आम्ही धड्यातला अवघड भाग गाळत नव्हतो, त्यांना माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करत होतो. भाऊसाहेबांना 'कॉस्ट सेंटर' माहीत नव्हतं, पण गेल्या महिन्याचं पगारपत्रक माहीत होतं. मग तिथूनच सुरुवात का नको? एका शिक्षकाची गेल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी भरायला सांगा. मूळ पगार, भत्ते, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, हातात आलेली रक्कम. तेवढ्यावरून यंत्राने जे ओळखता येईल ते ओळखावं, नियम मराठीत समोर मांडावेत आणि 'हे बरोबर आहे का?' असं विचारावं. ज्या प्रश्नाचं उत्तर लिपिकाकडे नसून संस्थेच्या हिशेबनिसाकडे आहे, तो प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाता यावं. आणि पहिला पगार निघेपर्यंत काहीही दुरुस्त करता यावं.

शाळेचं वेळापत्रक आम्ही असंच करत होतो. जूनमध्ये कोरा कागद घेऊन कोणी बसत नसे. गेल्या वर्षीचं वेळापत्रक समोर ठेवायचं, प्रयोगशाळेचे आणि खेळाचे न हलणारे तास आधी बसवायचे, मग बाकीचं.

अडथळा लपवण्याऐवजी खरोखर काढून टाकल्याचं एक उदाहरण आम्हा निवृत्तांच्या ओळखीचं आहे. हयातीचा दाखला घरबसल्या देण्यासाठी 'जीवन प्रमाण' ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. तेव्हा बोटाचा किंवा डोळ्याचा ठसा घेणारं वेगळं यंत्र लागे, ते संगणकाला किंवा फोनला जोडावं लागे, आणि वयामुळे बोटांच्या रेषा पुसट झालेल्यांची पंचाईत होई ती वेगळीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली आणि साध्या स्मार्टफोनवर भागू लागलं. ओळख पटवणं तेवढंच काटेकोर राहिलं, मधलं यंत्र मात्र गेलं. अजूनही काही जणांना नातवाची मदत लागते, नाही असं नाही, पण बदलाची दिशा मला बरोबर वाटते.

भाची परत जाताना भाऊसाहेबांनी खुणा केलेले कागद घेऊन गेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नव्या मांडणीत व्यवसाय कराचे बाराही महिने ओळीने दिसणार आहेत, फेब्रुवारी सकट. शिवाय प्रत्येक नवी मांडणी आधी दोन-चार अनुभवी लिपिकांना कागदावर दाखवायची, असं तिने वरिष्ठांकडून मान्य करून घेतलंय. भाऊसाहेबांना त्या कामाचं मानधन द्यावं, असंही तिने सुचवलंय. मिळेल की नाही ठाऊक नाही.

मी हे भाऊसाहेबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मला जमत होतं तर."

या एका वाक्यासाठी त्यांना इतकी वर्षं थांबावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. अशी सॉफ्टवेअरं करणारी पुष्कळ मुलं-मुली आता आपल्याच घरांतली आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की तुमचा प्रश्न कोणाला कळला नाही तर त्या माणसाला हसण्याआधी त्याच्यासाठी चहा टाका, आणि कोरा कागद समोर ठेवा.

असो.