तेलविरहित म्हणजे लघु नव्हे

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘बाहेरचा केक बंद केला आहे, पण घरी केलेला, तेल अजिबात न घातलेला केळ्याचा ब्रेड चालेल ना?’ या प्रश्नातील ‘घरी’ आणि ‘तेल अजिबात नाही’ हे दोन शब्द असे काही उच्चारले जातात की, उत्तर होकारार्थीच असावे अशी रुग्णाची अपेक्षा लपत नाही. वैद्यही बहुधा मान डोलावतो. बाहेरच्या बेकरीतील पदार्थापेक्षा हे बरेच, असा त्यामागचा विचार असतो आणि तेवढ्यापुरता तो चुकीचाही नाही. परंतु रुग्ण घरी जाऊन सांगतो ते निराळेच: ‘वैद्यांनी हलका म्हणून सांगितला आहे.’ ‘लघु’ ही आपल्या शास्त्राची पारिभाषिक संज्ञा आहे. ती इतक्या स्वस्तात वाटली जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम पदार्थाचे स्वरूप पाहू. यीस्टने आंबविलेल्या पावाला तासन्‌तास लागतात. त्याऐवजी क्षार आणि आम्ल यांच्या संयोगातून निघणाऱ्या वायूने पीठ तत्काळ फुगवावयाचे, ही युक्ती अमेरिकेत रूढ झाली. १७९६ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात लाकडाच्या राखेपासून काढलेल्या क्षाराचा असा उपयोग आढळतो. पुढे खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर घरोघरी पोहोचली आणि १९३० च्या दशकात अतिपक्व केळ्यांचा गोड ब्रेड तेथील पाकपुस्तकांत स्थिरावला. आपल्याकडील मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती २०२० च्या टाळेबंदीत. घरात केळी होती, कणीक होती आणि वेळही होता. नावात ‘ब्रेड’ असला तरी हा पदार्थ वस्तुतः केकच आहे, हे मात्र प्रत्येक रुग्णाला सांगावे. नावातील या एका शब्दाने त्याला न्याहारीत प्रवेश मिळवून दिला आहे.

मूळ कृतीत तेल किंवा लोणी भरपूर असते. त्याचे काम केवळ चवीचे नाही. स्नेह पिठातील प्रथिनांच्या कणांभोवती लेप धरतो, चिवट जाळे तयार होऊ देत नाही, म्हणून पदार्थ खुसखुशीत राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. तेल काढले की हा मृदुपणा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावा लागतो. येथेच आपल्या दृष्टीने विचार करण्याजोगा भाग सुरू होतो. प्रचलित ‘आरोग्यदायी’ कृतींत तेलाऐवजी बहुधा दही किंवा ताक घालतात, आणि साखरेऐवजी मध. तेल गेले, साखर गेली, म्हणून गृहिणी समाधानी. परंतु जे गेले त्याचा हिशेब ठेवताना जे आले त्याकडे कोणी पाहत नाही.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, म्हणजे अन्नरक्षाध्यायात, कदलीफलाचा ताकाशी आणि दह्याशी संयोग विरुद्ध म्हणून नावानिशी सांगितला आहे. त्याच स्थानाच्या पाचव्या अध्यायात दही उष्ण करून सेवन करू नये असा निषेध आहे. मध आणि उष्णता यांच्या विरोधाबद्दल तर चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांचेही एकमत आहे. आता ही कृती पाहा: केळे, दही आणि मध एकत्र करून १८० अंश सेल्सियसच्या भट्टीत पाऊण तास! बृहत्त्रयीतील विरुद्धाहाराची उदाहरणे विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी एखाद्या अध्यापकाने मुद्दाम पदार्थ रचला असता, तरी तो याहून नेमका साधला नसता.

कोणी म्हणेल, हा अतिरेक झाला. एका कापाने कोणाला कुष्ठ होत नाही. मान्य आहे. चरकाचार्यांनीच सात्म्य, अल्प मात्रा, दीप्त अग्नी, तारुण्य, स्नेह, व्यायाम आणि बल यांमुळे विरुद्धाहार निष्प्रभ ठरतो, असा अपवाद सांगून ठेवला आहे. खेळून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने दोन काप खाल्ले तर वैद्याने भुवया उंचावण्याचे कारण नाही. पण आपल्याला हा प्रश्न विचारतो कोण? पन्नाशी ओलांडलेला, बैठे काम करणारा, मंदाग्नीचा, मेदोवृद्धी किंवा प्रमेह असलेला रुग्ण. अपवादाच्या यादीतील एकही अट त्याला लागू पडत नाही, आणि तो हा पदार्थ सणासुदीला नव्हे, तर पथ्य म्हणून रोज खातो.

आता लाघवाचा मुद्दा. स्नेह काढला की पदार्थ लघु झाला, हे समीकरण आपल्या शास्त्राचे नाही. ते गेल्या शतकातील चरबीच्या भीतीतून आले आहे. आहार उष्ण असावा आणि स्निग्ध असावा, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, आणि स्निग्ध अन्न अग्नीचे उदीरण करते, शीघ्र पचते, वाताचे अनुलोमन करते, ही कारणेही दिली आहेत. गहू स्वभावतः गुरु. पक्व केळे गुरु, शीत आणि कफकर. या दोहोंतून स्नेह काढून घेतल्याने त्यांचे गुरुत्व कसे जावे? उलट मलावष्टंभ असलेल्या वातप्रकृतीच्या वृद्धाला असा कोरडा, घट्ट पदार्थ चहाबरोबर रोज दिला, तर त्याची तक्रार वाढण्याचाच संभव अधिक.

गुरु द्रव्यास लघु करण्याचा शास्त्रोक्त मार्ग आहे, आणि तो म्हणजे संस्कार. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात चरकाचार्य याची दोन सुंदर उदाहरणे देतात. भाताच्या लाह्या केल्या की गुरु द्रव्य लघु होते. आणि सातूचे पीठ मळून त्याचे पिंड करून शिजविले की लघु द्रव्य गुरु होते. म्हणजे संस्कार दोन्ही दिशांनी चालतो. वाग्भटाचार्य तर याच्याही पुढे गेले आहेत. अष्टांगहृदयाच्या सहाव्या अध्यायात ते म्हणतात की कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदू आणि अंगार यांवर भाजलेले अपूप, एकाच द्रव्याचे असले तरी, उत्तरोत्तर लघु समजावेत. पिठाचा पदार्थ कोणत्या अग्नीवर भाजला यानुसार त्याचे पचन बदलते, ही जाण असणाऱ्या ग्रंथाचे आपण वारस आहोत. तरीही भट्टीत भाजलेल्या पदार्थाबद्दल विचारले की आपण ‘विदेशी आहे’ एवढेच म्हणून थांबतो किंवा ‘तेल नाही ना, मग खा’ म्हणून मोकळे होतो. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. तळलेल्या घारग्यापेक्षा भट्टीत भाजलेला अपूप बरा, हे शास्त्राच्या आधाराने सांगता येते आणि सांगावे. पण ‘त्यापेक्षा बरा’ आणि ‘पथ्य’ यांत अंतर आहे.

सोड्याने आलेल्या फुगवट्यानेही फसू नये. पाव हातात हलका लागतो तो आतील वायूच्या पोकळ्यांमुळे. पोटात गेल्यावर वजन पिठाचेच असते.

आधुनिक आकडेवारीनेही हाच विषय तपासू. दोनशे ग्रॅम कणीक, तीनशे ग्रॅम केळ्याचा गर, दीडशे ग्रॅम साखर आणि अर्धी वाटी, म्हणजे साधारण ११० ग्रॅम तेल घेतले, तर दहा कापांच्या ब्रेडमध्ये एका कापाची ऊर्जा सुमारे २५० कॅलरी भरते. तेल पूर्ण वगळले आणि साखरेऐवजी त्याच्या निम्मा गूळ घेतला, तर ती १२५ च्या आसपास येते. लाभ खराच आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु हलका म्हणून रुग्ण एकाऐवजी तीन काप खातो आणि हिशेब उलटतो. गुरु द्रव्ये अर्ध्या तृप्तीपर्यंतच घ्यावीत आणि लघु द्रव्यांचीही अतितृप्ती होऊ देऊ नये, असे मात्राशितीय अध्यायात म्हटले आहे, त्यातील दुसरे वचन जणू या ‘हलक्या’ पदार्थांसाठीच आहे.

प्रमेही रुग्णाच्या बाबतीत तर तेलाचा प्रश्न गौणच आहे. वरील सुधारित कृतीच्या एका कापातही कर्बोदके सुमारे २८ ग्रॅम असतात. मध्यम आकाराच्या एका पोळीपेक्षा अधिक. तेल वगळल्याने त्यांत एका ग्रॅमचीही घट होत नाही. उलट स्नेहामुळे आमाशयातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो; तो स्नेह काढल्यावर रक्तातील साखर अधिक वेगाने वाढू शकते. ‘साखर नाही, गूळ घातला आहे’ हा दिलासाही पोकळ आहे. नवा गूळ, पिष्टान्न आणि बैठे जीवन ही प्रमेहाच्या निदानातील नावे आहेत. रुग्णाला ती ठाऊक नसतील, आपल्याला ठाऊक आहेत.

मग घरी हा पदार्थ करूच नये काय? तसे आमचे मत नाही. नातवंडांसाठी घरात केक होणारच. तो बरा कसा होईल, हे सांगण्याची जबाबदारी आपण घ्यावी. दही, ताक, दूध आणि मध ही चारही द्रव्ये वगळावीत. सालीवर काळे ठिपके आलेल्या केळ्यांचा तीनशे ग्रॅम गर कुसकरून घ्यावा, त्यात पाऊण वाटी चिरलेला जुना गूळ विरघळवावा, अर्धा चमचा सुंठ व थोडी वेलची घालावी. सुंठीची योजना केवळ स्वादासाठी नाही, गुरु-शीत द्रव्याला दीपनाची जोड हवीच. दोनशे ग्रॅम चाळलेल्या कणकेत सपाट अर्धा चमचा सोडा मिसळावा. तो फुलण्यास आम्ल लागते. केळ्याचे थोडे असतेच, उरलेले एका मोठ्या चमचाभर लिंबाच्या रसाने पुरे होते. आम्ल कमी पडले, तर उरलेला सोडा उष्णतेने धुण्याच्या सोड्यात रूपांतरित होतो आणि पदार्थाला साबणासारखी चव येते. म्हणून ‘जास्त सोडा, जास्त हलका’ हा समज घातक. शिवाय एका चमचा सोड्यातून सुमारे १२५० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते, हे रक्तदाबाच्या रुग्णाने लक्षात ठेवावे.

ओले आणि कोरडे मिश्रण एकत्र केल्यावर, लागल्यास तीन-चार चमचे पाणी घालून, उलथण्याने दहा-बारा वेळा हलवून थांबावे. स्नेह नसल्यामुळे येथे क्षमा नाही. पोळीच्या कणकेसारखे मळले की रबर तयार होते. कागद लावलेल्या साच्यात घालून १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात जाड मीठ किंवा वाळू पसरून, आधी चांगले तापवून, वर घट्ट झाकण ठेवून हे काम होते. विणायची सुई घालून कोरडी निघाली की झाले. पूर्ण निवल्यावरच कापावे. असा ब्रेड दोन दिवसांत संपवावा.

आणि एक स्पष्ट मत. या मिश्रणात दोन लहान चमचे गाईचे तूप घातले तर आम्ही त्यास अधिक पसंती देऊ. दहा कापांत विभागले असता त्याने प्रत्येकी नऊ कॅलरी वाढतात. नऊ कॅलरींच्या भयाने स्नेहाचे सर्व गुण नाकारणे वैद्याला शोभत नाही.

खरे तर आपल्या कोकणाला आणि गोव्याला या विद्येसाठी कोणाचे तोंड पाहण्याची गरज नव्हती. काकडीचा कीस, रवा आणि गूळ घालून, पातेल्याच्या वर-खाली निखारे ठेवून भाजलेले धोंडस किंवा तवसळी हा अंगारपक्व अपूपच आहे. फणसाच्या रसातील सांदण तर केवळ वाफेवर होते. केळ्याऐवजी तांबड्या भोपळ्याचा किंवा काकडीचा गर घेऊन वरील कृती केली, तर गोडी कमी होते, पण गुरुत्वही कमी होते. स्थूल रुग्णास आम्ही हेच सुचवू.

औषधालयचालक बंधूंशीही थोडे बोलायचे आहे. च्यवनप्राशाच्या शेजारी आता ‘ऑइल फ्री’, ‘नो मैदा’ असे छापलेली केक-बिस्किटांची पाकिटे मांडली जातात. विक्री करू नये असे आम्ही म्हणत नाही. दुकान चालले पाहिजे. पण गिऱ्हाईक ती वस्तू औषधालयातून घेतो, किराणा दुकानातून नव्हे. म्हणून आपल्या फळीवर येण्यानेच तिला पथ्याचा शिक्का बसतो. पाकिटाच्या मागील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे नियमाने बंधनकारक आहे. तेथे पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा खजुराचा पाक असेल, तर दर्शनी भागावरील ‘तेलविरहित’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाची भीतीही आता पूर्वीइतकी खरी नाही. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले आणि मेदांत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. मधुमेहाच्या गोळ्या आणि असे पाकीट एकाच पिशवीत नेणारे गिऱ्हाईक दिसले, तर ती यादी त्याला वाचून दाखविण्यास अर्धे मिनिट पुरते.

पथ्यपत्रक लिहिताना आम्ही सुचवितो ते इतकेच: ‘ब्रेड-केक वर्ज्य’ किंवा ‘तेलविरहित चालेल’ असे मोघम न लिहिता वेळ आणि मात्रा लिहावी. पिष्टमय पदार्थ जेवणावर कधीही खाऊ नयेत, भूक लागली असता मात्रेतच खावेत, असे चरकाचार्य स्पष्ट सांगतात. दुपारच्या जेवणानंतर अडीच तासांनी, भूक नसताना, चहाच्या सोबतीला घेतलेला काप या नियमात बसत नाही. सकाळी, कोष्ठशुद्धी झाल्यावर, क्षुधा जाणवत असताना, न्याहारीच्या ऐवजी एक काप आणि वर कोमट पाणी, आठवड्यातून एकदा. प्रमेहींनी तोही जेवणातील एक पोळी कमी करून.