तलाव खुले झाले, पोहणे मिळाले नाही

आरोग्य आणि व्यायाम यांच्या जगात वर्णभेद कितपत उरला आहे, असा प्रश्न अमेरिकेत निघाला, की व्यायामशाळांच्या जाहिरातींत कोणाच्या तसबिरी झळकतात याचीच चर्चा फार होते. परंतु त्या देशातील विषमतेचा जो पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो, तो सार्वजनिक जलतरण तलावांच्या इतिहासात आहे, कारण तेथे हा भेद मुलांच्या प्राणांवर बेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडील शहरांत नगरपालिकांनी कष्टकऱ्यांसाठी जे तलाव बांधले, त्यांत स्त्रियांचे व पुरुषांचे दिवस वेगळे असत, पण गोरे आणि कृष्णवर्णीय पुष्कळ ठिकाणी एकत्रच पाण्यात उतरत, असे इतिहासकार जेफ विल्ट्सी यांनी साधार दाखविले आहे. पुढे स्त्री-पुरुषांना एकत्र पोहण्याची मोकळीक मिळाली, आणि गोऱ्या स्त्रियांच्या सान्निध्यात कृष्णवर्णीय पुरुष येतील या धास्तीने तेव्हाच वर्णाची भिंत उभी राहिली. सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कमधील विस्तीर्ण तलाव २१ जून १९४९ रोजी सर्वांस खुला झाला, तेव्हा पोहायला आलेल्या मूठभर कृष्णवर्णीय मुलांना पोलीस बंदोबस्तात घरी पोहोचवावे लागले, हजारोंचा जमाव दंग्यावर उतरला, आणि महापौरांनी तलाव खुला करण्याचा हुकूम मागे घेतला. वर्षभराने न्यायालयाच्या आज्ञेने तलाव पुन्हा खुला झाला खरा. पण १९४८ मध्ये, तो केवळ गोऱ्यांचा असताना, जेथे सुमारे ३,१३,००० वेळा लोक पोहून गेले होते, तेथे १९५० मध्ये ही संख्या १०,००० च्या आसपास घसरली, आणि काही वर्षांत त्याला टाळे लागले. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे १८ जून १९६४ रोजी सत्याग्रही एका मोटेलच्या तलावात उतरले असता मालकाने काठावर उभे राहून पाण्यात आम्ल ओतले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव, महाड नगरपालिकेची त्यास अनुसरून झालेली मंजुरी, तरीही २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्यावर कायम राहिलेला मज्जाव, डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी पिऊन गेल्यावर सनातन्यांनी केलेले तळ्याचे शुद्धीकरण, आणि उच्च न्यायालयाचा निवाडा यायला उजाडलेले १९३७ साल, हे सारे ज्यास ठाऊक आहे, त्या मराठी वाचकास पाणी बाटते या कल्पनेची जात निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तर एकत्र पोहू देण्यापेक्षा आपले चार तलाव बंद केले आणि पाचव्याचा भाडेपट्टा सोडून दिला. बंदी सर्वांस सारखीच लागू असल्यामुळे समतेचा भंग होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. माझ्या मते त्या न्यायासनाच्या अत्यंत अन्याय्य निवाड्यांत त्याची गणना व्हावी. कारण ज्यांच्यापाशी द्रव्य होते त्यांनी खासगी क्लब काढले, परसात तलाव खोदले, आणि ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांच्या मुलांना नदीनाल्यांवाचून पाणीच उरले नाही.

पोहणे ही विद्या बहुधा आईबापांकडून मुलांकडे जाते. ज्या आजीला काठावरून हाकलले, तिची लेक पाण्याला भ्याली, आणि त्या लेकीने आपल्या मुलांना पाण्यापासून दूर ठेवले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ५ ते १९ वर्षे वयाची कृष्णवर्णीय मुले जलतरण तलावांत बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट होते; आणि त्याच केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कृष्णवर्णीय प्रौढांपैकी तिघांतील एकाहून अधिक जणांनी आपणांस पोहता येत नसल्याचे सांगितले.

हा भेद पोहण्याच्या साधनांतही शिरला आहे. नेहमीची घट्ट रबरी टोपी दाट, कुरळ्या केसांवर धड बसत नाही. केस बाहेर निसटतात आणि क्लोरीनच्या पाण्याने रुक्ष होऊन तुटतात. अशा केसांसाठी तयार केलेली प्रशस्त टोपी टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, २०२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने डोक्याच्या नैसर्गिक आकारास अनुसरून नसल्याचे कारण देऊन नामंजूर केली. डोके कोणाचे प्रमाण धरले होते? सर्वत्र टीका झाल्यावर २०२२ च्या सप्टेंबरात तिला मान्यता मिळाली.

टोपी मिळाली हे इष्टच झाले, तथापि तिने कोणी पोहायला शिकत नाही. त्यासाठी वस्तीजवळ तलाव हवा, आईबापांना परवडणारी फी हवी, शिक्षक आणि जीवरक्षक हवेत, आणि त्या साऱ्याची तरतूद सार्वजनिक तिजोरीतून व्हावयास हवी. मज्जाव सरकारी होता, तेव्हा त्याची भरपाई दानशूरांच्या मर्जीवर सोडणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकेच्या उपनगरांत आज हजारो मराठी कुटुंबे आहेत, त्यांची मुले खासगी क्लबांत उत्तम पोहायला शिकतात. त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की गावच्या अंदाजपत्रकात सार्वजनिक तलावाचा विषय निघेल त्या दिवशी सभेस जावे, आणि आपल्या मुलांना त्याची गरज नसली तरी त्याच्या बाजूने मत द्यावे.