नुसत्या पेजेवर राहिले तर प्रेशर उतरते का?

प्रेशरची गोळी सुरू झाली की फुकटचा सल्ला देणारेही सुरू होतात. तळवड्यापासून चाकणपर्यंत कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये बसा, कोणीतरी सांगणारच, "गोळी सोड, पंधरा दिवस नुसत्या पेजेवर राहा." हा सल्ला पूर्ण खोटा असता तर एवढा त्रास नव्हता. तो अर्धा खरा आहे, म्हणून धोक्याचा आहे.

तांदळाच्या पथ्याने प्रेशर उतरवून दाखवणारा डॉक्टर खरोखर होऊन गेला. वॉल्टर केम्पनर त्याचे नाव. त्याची आई लिडिया राबिनोविच क्षयरोगावर संशोधन करणारी नामवंत शास्त्रज्ञ. ज्यू म्हणून हिटलरच्या राजवटीत तिची नोकरी गेली. मुलगा १९३४ साली अमेरिकेला गेला आणि ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात काम करू लागला. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हते. प्रेशर फार चढलेला, मूत्रपिंड बिघडलेला माणूस थोड्याच काळाचा सोबती समजला जाई.

केम्पनरने अशा रुग्णांना दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम तांदळाचा बिनमिठाचा भात, फळे, फळांचा रस आणि साखर एवढ्यावर ठेवले. डाळ नाही, दूध नाही, मटण-मासळी नाही, तेलाचा थेंब नाही. १९४२ साली एका बाईला त्याने दोन आठवड्यांनी यायला सांगितले. त्याचे जर्मन वळणाचे इंग्रजी तिला नीट समजले नाही आणि ती आली दोन महिन्यांनी! तपासतो तर प्रेशर उतरलेले, वाढलेले हृदय आकसलेले. मग त्याने पथ्य लांबवायला सुरुवात केली. पुढे पाचशे रुग्णांचा हिशेब त्याने मांडला, त्यात निम्म्याहून जास्त सुधारले होते.

आता खरी मेख पाहा. या जेवणात दिवसाचे सोडियम दीडशे मिलिग्रॅमच्या आत असे. मिठाच्या भाषेत अर्धा ग्रॅमसुद्धा नाही! जागतिक आरोग्य संघटना आज मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. गुण आला तो मुख्यतः मीठ तोडल्यामुळे. आपली पेज कशी असते? मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड, वर भाजलेला पापड. म्हणजे तांदूळ तेवढा राहिला आणि औषध गेले.

शिवाय केम्पनरचे रुग्ण देखरेखीखाली असत. लघवी तपासून कोण चोरून मीठ खातो ते पकडले जाई, वरून जीवनसत्त्वे दिली जात. नुसत्या पांढऱ्या तांदळावर दिवस काढले तर ब-१ जीवनसत्त्व कमी पडून बेरीबेरी होते. आणि भट्टीवर, फोर्जिंगवर आठ-आठ तास घाम गाळणाऱ्याने असे कडक पथ्य घरच्या घरी केले तर तो मशीनपाशीच चक्कर येऊन पडायचा. साखरेचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बाईने तर या वाटेला जाऊच नये.

पेजेला आपण नावे ठेवत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात यागूचे, म्हणजे पेजेचेच, दहा गुण सांगितले आहेत. भूक-तहान भागते, पचन सुधारते, अंगात बळ येते. पण तिथे ती भिक्खूंची सकाळची न्याहारी आहे. महिनाभर दुसरे काही खाऊ नका असे तिथे नाही.

तेव्हा गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. बरे वाटते ते गोळीमुळेच वाटत असते. दर महिन्याला महापालिकेच्या किंवा ईएसआयच्या दवाखान्यात प्रेशर मोजून घ्या. इंद्रायणीचा भात खुशाल खा, शिजवताना मीठ मात्र घालू नका, कालवणात असतेच. फरसाण, वेफर्स, पापड रोजच्या डब्यातून काढा. सैंधव घेतले म्हणजे चालते हा गैरसमज आहे, तेही मीठच. आणि सुकट-बोंबील सोडवत नसेल, कुणाला सोडवते म्हणा, तर गरम पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी फेकून द्या, आणि कालवणात वरून मीठ टाकू नका.